नऊ वाजता सुटणारी बदकं

माझं कामच खोट काढायचं आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर लोखंडी कास्टिंग उलटंपालटं करून कुठं भोक आहे, कुठं चीर आहे, कुठं वाळू अडकलीय ते बघायचं आणि नापास मालावर पिवळ्या खडूनं फुली मारायची. पंचवीस वर्षं हे केलं की घरी आल्यावरही हातातला खडू सुटत नाही. आमटीत मीठ कमी आहे, नळ ठिबकतोय, गेट नीट लागत नाही. बायको म्हणते, तुम्हाला स्वर्गात नेलं तरी तुम्ही आधी दाराची बिजागरी तपासाल. अशा माणसानं एक दिवस काहीही न तपासता पाच बदकं घरी आणली आणि मग जे व्हायचं ते झालं.

बदकं आणली ती आण्णांसाठी. आण्णा म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही जैन, मूळचे शिरोळकडचे. आण्णांनी चाळीस वर्षं कोल्हापुरात गुळाची अडत चालवली, आणि ती थांबवल्यावर कागलकडं जाणाऱ्या हायवेला लागून असलेल्या एका कॉलनीत प्लॉट घेऊन घर बांधलं. घर तीन खोल्यांचं, उरलेली सगळी बाग. तगर, झेंडू, शेवंती, गुलाब. ती फुलं घरात कुणाच्या केसात जात नसत. रोज सकाळी आण्णा परडी भरून फुलं तोडायचे आणि बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पूजेला न्यायचे. चालत जायचे, चालत यायचे. आई गेली त्या वर्षीसुद्धा सुतकाचे दिवस सोडले तर खंड पडला नाही.

मग बागेत शंखी गोगलगाई आल्या. कुणी म्हणतं नर्सरीच्या मातीतून आल्या, कुणी म्हणतं महापुरानंतर आल्या. मुठीएवढा शंख, आणि एका रात्रीत शेवंतीचा अख्खा वाफा साफ. सकाळी बघावं तर नुसत्या काड्या उभ्या. शेजारीपाजारी मीठ टाकतात, औषधाच्या गोळ्या टाकतात. आमच्या घरात तो विषयच निघू शकत नव्हता. आण्णा सहाला उठून एकेक गोगलगाय उचलायचे, बादलीत घालायचे आणि ओढ्याकाठच्या पडीक रानात नेऊन सोडायचे. आज शंभर सोडल्या की उद्या शंभर हजर.

मी चिडून म्हणायचो, "आण्णा, त्याच परत येत असणार."

"येऊ देत की," आण्णा म्हणायचे. "त्यांना तरी दुसरं कोण हाय?"

गेल्या हिवाळ्यात आण्णांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की रोज चालायचं, बसून राहिलात तर सांधा धरेल. उन्हाळाभर आण्णा आधी घरातल्या घरात, मग हळूहळू बस्तीपर्यंत चालले. पण पाऊस लागला आणि बागेत चिखल झाला, तसे ते पायरी उतरेनात. त्यांना वाकता येत नव्हतं. त्यामुळं गोगलगाई उचलणं बंद झालं आणि महिन्याभरात बागेचं जे व्हायचं ते झालं. फुलं नाहीत म्हणून बस्तीत जाणं बंद. मी म्हटलं, मी फुलं विकत आणून देतो. तर म्हणाले, "इकतची फुलं घिऊन जायला मी काय पावणा हाय व्हय देवाचा?" बस्तीत जाणं बंद म्हणून चालणं बंद. व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोरीला त्यांनी दोनदा चहा पाजून परत पाठवलं. दिवसभर कॉटवर, तोंड भिंतीकडं. संध्याकाळी मी घरी आलो की त्यांना उठवून बसवताना गुडघ्याचा आवाज यायचा, आणि तो आवाज दर आठवड्याला जरा वाढायचा. मला भीती वाटायला लागली होती. हा माणूस असाच कॉटला चिकटून जाणार, आणि आपण रोज डबा घेऊन कामावर जात राहणार.

फौंड्रीत माझ्या शेजारच्या टेबलावर शाहूवाडीकडचा एक जण आहे. त्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बदकं पाळ की लेका. शंखीची पिल्लं फुटाण्यागत खात्यात. मोठ्या ऱ्हायल्या तरी पुढची पैदास थांबती."

हे वाक्य मी जैनाच्या कानानं ऐकायला पाहिजे होतं. मी ते इन्स्पेक्टरच्या कानानं ऐकलं. बागेत खोट आहे, खोट काढायची सोय आहे, विषय संपला. आण्णांना मी सांगितलं, "शोभेला बदकं आणतोय. कोंडा खातात, गवत खातात." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी मी सांगितली नाही.

त्याच सहकाऱ्यानं मलकापूरच्या अलीकडचा एक शेतकरी दाखवून दिला. त्याच्या शेततळ्यावर खाकी कॅम्पबेल जातीची बदकं होती. मातकट खाकी रंगाची, सडपातळ, मान ताठ. चार माद्या आणि एक नर त्यानं क्रेटमध्ये घालून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. नराच्या शेपटीवर एक पीस कुरळं वळलेलं असतं, तेवढं त्यानं ओळखीला दाखवलं. मग काचेतून आत वाकून म्हणाला, "पावणं, एक ध्येनात ठेवा. नऊच्या आत सोडायचं न्हाय. बदाक पहाटं अंडं देतंय. नऊपतोर कोंडून ठेवलं तर अंडी खुराड्यात घावत्यात. आदी सोडलं तर दिसंल तितं टाकून मोकळं हुतंय. ह्या आजून अंड्यावर न्हाईत, पर आता येतील."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, अंडी आपल्याला काय करायचीत? आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. जो माणूस अंडं खात नाही त्याला अंड्याचं वेळापत्रक कशाला, असा माझा हिशेब. शिवाय माझी अडचण वेगळीच होती. बायको शाळेत शिकवते, तिची सकाळची शाळा, ती पावणेसातला बाहेर पडते. मी साडेसातला. नऊला दार कोण उघडणार? म्हणून मी ठरवलं की सहाला सोडायची. तेव्हा गोगलगाईही बाहेरच असतात. ही चूक आमच्यासारख्या घरातच होऊ शकते. कुठल्याही कोंबडीवाल्या घरातल्या चार वर्षांच्या पोरानंही ती केली नसती.

बागेच्या मागच्या कोपऱ्यात जाळी मारून मी खुराडं केलं. निळं प्लास्टिकचं बॅरल आडवं कापून पाण्याला ठेवलं. बदकाला नुसतं प्यायला पाणी चालत नाही, मुंडी बुडवून नाक धुवायला लागतं. आठ दिवसांत त्या पाण्याभोवती असा चिखल झाला की आमच्या बायकोनं मागच्या दारानं जाणंच सोडलं.

पहिल्या दिवशी आण्णा कॉटवरूनच ओरडले, "काय कालवा लावलाय ह्यो?" तिसऱ्या दिवशी ते काठी घेऊन पोर्चमध्ये आले, काय कालवा आहे ते बघायला. पाचव्या दिवशी तिथं खुर्ची ठेवायला सांगितली. बदकं बघत बसण्यात एक गंमत आहे. ती कुठंही रांगेनं जातात, पुढचीनं उजवीकडं मान वळवली की मागच्या सगळ्यांच्या माना उजवीकडं. कुणालाच कुठं जायचं आहे ते ठाऊक नसतं, पण घाई सगळ्यांना. आण्णा हसून म्हणाले, "सौदा निघाल्यावर आमचं यापारी असंच पळायचं." किती दिवसांनी ते हसले होते! मी आत जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, मला काय सांगताय, मी खिडकीतून बघतेच आहे.

झेंडूला नवी पानं फुटली. तगर सावरली. आण्णांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"शंखी कमी झाल्यात औंदा," ते म्हणाले. "पाऊस कमी हाय म्हणून असंल."

"असेल," मी म्हटलं.

आणि मग भाद्रपद लागला. आमचं दशलक्षण पर्व चार दिवसांवर आलेलं. उपवासाचे, संयमाचे दिवस. माझी सुट्टी होती. मी बॅरल धूत होतो. आण्णांनी पोर्चमधून हाक मारली. त्या हाकेवरूनच मला कळलं.

"हिकडं यी. त्या बदकाच्या तोंडात काय हाय?"

बोराएवढं शंखीचं पिल्लू होतं. बदकानं मान वर केली, दोनदा झटकली आणि गिळलं. मग पाणी प्यायलं. मग दुसरं शोधायला वाकलं. आण्णा आणि मी दोघंही ते बघत उभे होतो.

"तुला म्हाईत हुतं?"

मी बॅरल पुन्हा घासायला घेतलं.

"मला इचारायचं तरी. पर्वाच्या तोंडावर माझ्याच बागंत? मी इतकी वरसं एकेक उचलून वड्याला न्हेत होतो, आन् तू..."

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण नाकावरचा राग नावाची माझी एक खोट आहे, आणि तिच्यावर मला कधी फुली मारता आली नाही. मी ओरडलो, "मग बसा त्यांना जपत! गोगलगाई जगू देत, बाग मरू दे, आणि तुम्ही त्या कॉटवर आडवे राहा. सांधा धरला तर धरला. तेवढंच पाहिजे ना तुम्हाला?"

बायको कणकेच्या हातानं बाहेर आली आणि दारातच थांबली. आण्णा माझ्याकडं बघत राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "ह्या बागंतलं फूल आता देवाला जायचं न्हाय." आणि काठी टेकत आत गेले. जाताना दाराच्या चौकटीला धरून एकदा थांबले, पण मागं बघितलं नाही.

राग उतरल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर मलकापूरच्या शेतकऱ्याला फोन लावला. हात ओले होते म्हणून फोन स्पीकरवर होता. म्हटलं, बदकं परत घेता का. तो म्हणाला, "आणा की, न घ्याला काय झालं? एक हाटेलवाला मागाय लागलाय, बदकच पायजे म्हणतोय. उद्याच आणा."

आतून आण्णांचा आवाज आला, "फोन ठेव."

मी ठेवला. दोन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी कामापलीकडं बोललं नाही. बदकं ठेवली तर गोगलगाई जाणार, पाठवली तर बदकं जाणार. ज्या माणसानं आयुष्यभर पाणी गाळून प्यायलं, मुंगी दिसली तर पाय बाजूला टाकला, त्याला मी माझ्या हुशारीनं अशा ठिकाणी आणून उभं केलं होतं की कुठंही पाय ठेवला तरी कुणीतरी चिरडणारच. मला स्वतःची लाज वाटत होती. आणि बदकं मात्र रोज सहाला आनंदानं सुटत होती, कारण दार उघडणारा मीच होतो आणि दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बायको तगरीखालचा पालापाचोळा काढत होती. ती तिथूनच ओरडली. पाल्यात सात अंडी होती, दुधी पांढरी, हाताला जड. शेतकऱ्यानं सांगितलं होतं तसंच झालं होतं, दिसेल तिथं टाकून मोकळं.

अंडी बघायला आमच्या शेजारच्या मावशी आल्या. मावशींचं घर शेतकऱ्याचं, मागं दोन म्हशी आणि दहा-बारा कोंबड्या. त्या म्हणाल्या, "द्या हिकडं, अंड्याची पोळी घालती..." आणि आण्णांच्या तोंडाकडं बघून पुढचं गिळलं. आण्णा कॉटवरून उठून दारापर्यंत आले होते.

"ह्यात जीव असंल व्हय?" आण्णांनी विचारलं.

"नर हाय न्हवं तुमच्यात? मग असणारच की."

"मग ती बसत का न्हाईत त्याच्यावर?"

"ही जात बसत न्हाय आण्णा. अंडं टाकायचं आन् चालू पडायचं. हिला बाळत्यांचा नाद न्हाय. ह्येच्यावर कोंबडी बसवाय लागती. माझी एक चार दिस झालं खुडूक हून बसलीया. आणू?"

आम्ही सगळे आण्णांकडं बघायला लागलो. घरात कोंबडी, तीही आमच्या!

"आण," आण्णा म्हणाले.

जिन्याखालची जागा रिकामी केली. गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, जुनी लाकडी पेटी, त्यात पेंढा, पेंढ्यात सात अंडी आणि वर मावशींची काळी कोंबडी, सगळ्या जगावर रागावलेली. मावशींनी सांगितलं की कोंबडीला एकवीस दिवसांची सवय, बदकाला अठ्ठावीस लागतात. एकविसाव्या दिवशी ती उठून गेली तर सगळं वाया. म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं. बदकाच्या अंड्याला ओल लागते, ती चरायला उठली की हलक्या हातानं पाणी शिंपडायचं. आण्णांनी खुर्ची पोर्चमधून उचलून जिन्याशी ठेवायला लावली. पाणी ते गाळलेलंच शिंपडायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तिथीच्या खाली एक टिंब.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला समोर उभं केलं.

"हितनं म्होरं एक अंडं बाहीर पडाय नको. त्या माणसानं काय सांगितल्यालं?"

"नऊच्या आत सोडायचं नाही."

"मग तू सहाला का सोडतुयास?"

"नऊला घरात कोण असतं दार उघडायला?"

हे बोलून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं.

"मी असतोय की," आण्णा म्हणाले. "का मेलोय मी?"

दुसऱ्या दिवसापासून नऊचं काम आण्णांकडं गेलं. पोर्चची पायरी, मग फरशी, मग चिखल, मग खुराडं. माझ्या पावलांनी पस्तीस पावलं. पहिले चार दिवस मावशी कुंपणापलीकडून लक्ष ठेवून होत्या आणि मला फोनवर बातमी द्यायच्या. गेल्यात. पोचल्यात. कडी निघंना झालीया. निघाली. मी हातात कास्टिंग धरून ते ऐकत उभा असायचो.

नराला आम्ही वेगळं केलं. त्याला परत पाठवणं म्हणजे हॉटेलवाल्याकडं पाठवणं, म्हणून पुढच्या अंगणात त्याला स्वतंत्र जाळी, स्वतंत्र टब. आण्णा त्याला बालब्रह्मचारी म्हणतात. मावशी म्हणाल्या, पंधरा दिवस गेले की अंड्यात जीव नाही, मग आम्ही नेली तर चालेल का? तेव्हापासून मावशी मागच्या दारानं आल्या की आण्णा जपाची माळ घेऊन आत जातात. मधल्या पंधरा दिवसांतली अंडी त्यांच्या दुसऱ्या कोंबडीखाली गेली, असं मावशी सांगतात. मी तपासायला गेलो नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा एकच माल मी न बघता पास केला.

पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आमच्यात लहानमोठं न बघता प्रत्येक जण प्रत्येकापुढं हात जोडून वर्षभराची क्षमा मागतो. दर वर्षी मी हे पटपट उरकतो, फोनवर तर एकाच वेळी पन्नास जणांना. यंदा फोन बाजूला ठेवून आण्णांच्या पुढं बसलो. म्हटलं, "आण्णा, मी खोटं बोललो. आणि ओरडलो ते वेगळंच."

आण्णांनी माझ्यापुढं हात जोडले. रीतच आहे ती, मोठेही जोडतात. पण त्यांच्या हातावरच्या सुरकुत्या इतक्या जवळून मी बऱ्याच दिवसांत बघितल्या नव्हत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग ते म्हणाले, "माझी मागितलीस. त्यांची?" आणि बागेकडं बोट केलं.

मी गेलो. भुरभुर पाऊस होता. झेंडूच्या वाफ्याशी एक मोठी शंखी शिंगं काढून चालली होती. तिच्यापुढं उभं राहून मी हात जोडले. कुंपणावरून मावशी म्हणाल्या, "भाऊ, कुणाला नमस्कार चाललाय?"

"गोगलगाईला."

"बरं हाय न्हवं?"

एकविसाव्या दिवशी कोंबडी उठली. अंगणात जाऊन तिनं पंख झाडले आणि परत यायचं नाव काढेना. आण्णा जिन्याखाली बसून तिला हाका मारत राहिले, तांदूळ दाखवत राहिले. शेवटी मावशींनी तिला धरून आणलं, अंड्यांवर ठेवलं आणि वर टोपली झाकली. तासाभरानं आण्णांनी टोपली जरा उचलून बघितली. बसली होती. पुढचे सात दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही असा हुकूम निघाला. माझ्यासाठी तो जास्त कडक होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी कवचाचा पहिला टवका उडाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार पिल्लं बाहेर आली होती, ओली, पिवळट तपकिरी, चोच अंगापेक्षा मोठी. तीन अंडी तशीच राहिली. मावशींनी ती कानाशी धरून हलवली आणि नाही म्हणून मान हलवली. आण्णा बराच वेळ त्या तिघांकडं बघत बसले. ती पुरायला मी आण्णांना तगरीखाली खड्डा करून दिला. बाकीच्या चौघांपैकी एक पिल्लू आण्णांनी ओंजळीत घेतलं आणि ते तिथं शांत बसलं. "चार आली," ते मला म्हणाले. मला दिसत होतं, तरी पुन्हा म्हणाले, "चार आली बघ."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी माझी सुट्टी आली. मी उशिरा उठलो तो बदकांच्या गलक्यानं. घड्याळात सव्वानऊ. खुराड्याचं दार बंद, चौघी आतून जाळीवर चोची आपटतायत. आण्णा विसरले, का पडले कुठं? मी अनवाणीच पळत मागं गेलो.

आण्णा शेवंतीच्या वाफ्याशी उभे होते. हातात काठी, काठीच्या टोकाला सुतळीनं बांधलेला झारा. आठ दिवस बायको तो झारा शोधत होती. शेजारी बादली, अर्धी भरलेली. झाऱ्यानं त्यांनी पानाखालची एक शंखी अलगद उचलली, बादलीत सोडली आणि पुढच्या रोपाकडं सरकले.

"आण्णा, सव्वानऊ झाले. बदकं ओरडतायत."

"वरडू देत. ह्यो वाफा ऱ्हायलाय माझा."

"कधीपासून करताय हे?"

"पिल्लं आली तवापास्नं. तू कामावर गेलास की चालू करतोय. नऊपतोर माझं, नऊच्या म्होरं त्यांचं. माझ्या हाताला घावतील तेवढ्या मी वाचवणार. ऱ्हायलेल्यांचं मी काय करू? बदकांस्नी बी पोट हाय." मग बादलीकडं बघून म्हणाले, "ही तेवढी वड्याला न्हिऊन सोड. तेवढं काम तुझं. मला बस्तीत जायचं हाय, येळ झाला."

"बस्तीत? फुलं..."

"तोडल्यात. ज्या झाडाखालचं माझ्या हातानं उचललंय, त्येचं फूल मी न्हेतोय. आन् तू मागं मागं येऊ नकोस."

बदकं ओरडत होती. मी दार उघडायला गेलो तर मागून "थांब म्हणतोय न्हवं!" असा जुना, अडतीतला आवाज आला. मी कडीवरचा हात काढला आणि वळलो. वाफ्याच्या टोकाला, पार खालच्या पानाच्या मागं, एक बारकी शंखी चिकटली होती आणि झारा तिथं पोचत नव्हता. आण्णांनी काठी बाजूला ठेवली. डावा हात मांडीवर टेकला. आणि उजवा गुडघा हळूहळू वाकवून ते खाली बसले, बोटांनी ती पानावरून सोडवली, बादलीत ठेवली आणि तसेच, कशाचाही आधार न घेता, उठले.

दुखतंय का, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना गुडघ्याची आठवण झाली असती.